अर्धी किंमत कुणाच्या खिशातून?

दिवाळीच्या सुमारास गोंदियाच्या बाजारात कापड घेतलं, की बिलासोबत एक चिठ्ठी हातात पडते. नाव, गाव, मोबाइल नंबर लिहायचा. दुकानदार टोचलेल्या रेघेवरून ती फाडतो. एक तुकडा आपल्या खिशात, दुसरा काउंटरवरच्या डब्यात. सोडतीत पहिलं बक्षीस मोटारसायकल, शेवटची बक्षिसं स्टीलचे डबे. हेच आपलं ओळखीचं कूपन. बक्षिसांचा खर्च दुकानदार करतात, पण किती करायचा हे त्यांनीच ठरवलेलं असतं. मोटारसायकल एकच, ती आधीच दारात उभी.

कूपनचं मूळ घर मात्र बँक. युरोपात कर्जरोख्याला व्याजाचे छोटे चौकोन जोडून छापत. मुदत आली की एक चौकोन कापायचा, तो देऊन व्याज घ्यायचं. दुकानदारीत त्याला मोठं केलं ते अमेरिकेतल्या अटलांटा शहराने, 1880 च्या दशकाच्या अखेरीस. कोका-कोला तेव्हा औषधांच्या दुकानांतल्या सोड्याच्या काउंटरवर ग्लासाने विकला जाई. कंपनीचे मालक आसा कँडलर यांनी दुकानदारांकडून गिऱ्हाइकांची नावं-पत्ते घेतले आणि एका फुकट ग्लासाच्या चिठ्ठ्या टपालाने पाठवल्या. गंमत पुढे आहे. त्या फुकट ग्लासांसाठी लागणारं सरबत दुकानदाराला कंपनीच देई. गिऱ्हाईक खूश, दुकानदाराचं नुकसान शून्य, आणि चटक लागली ती कंपनीच्या मालाची. ज्याला फायदा त्यानेच भरायचं, इतका सरळ हिशोब.

हा हिशोब उलटा झाला नोव्हेंबर 2008 मध्ये, शिकागोत. अँड्र्यू मेसन याच्या ग्रुपॉन ह्या इंटरनेट कंपनीने पहिली डील विकली ती आपल्याच इमारतीतल्या बारची: एकाच्या पैशात दोन पिझ्झा. शहरासाठी रोज एक सवलत, आणि ठरावीक संख्येने लोकांनी घेतली तरच ती लागू. दोनच वर्षांत गूगलने सुमारे 6 अब्ज डॉलर देऊ केले. ग्रुपॉनने नाही म्हटलं.

आता ह्यातली मेख गोंदियाच्या जेवणाच्या ताटावर मांडून पाहू. ताट 200 रुपयांचं. निम्म्या किमतीचं कूपन 100 ला विकलं गेलं. त्यातला साधारण निम्मा वाटा कंपनीचा. खानावळवाल्याच्या हाती 50. तांदूळ भले घरच्या धानाचा असेल, पण तेल, गॅस आणि आचाऱ्याचा पगार काही निम्मा होत नाही. ब्यूटी पार्लरची रिकामी खुर्ची किंवा जिमची रिकामी वेळ विकायची असेल तर हे परवडूही शकतं. शिजवून वाढणाऱ्याला क्वचितच. 2011 मध्ये इंग्लंडमधल्या रेडिंगजवळच्या एका बेकरीवालीने डझनभर कपकेकवर 75 टक्के सूट दिली आणि कूपनांना मर्यादाच घातली नाही. 8,500 जणांनी कूपन घेतलं. 1,02,000 केक करायचे होते. बाहेरून माणसं लावली, प्रत्येक डझनामागे पदरचे पैसे गेले आणि वर्षाचा नफा बुडाला.

आपल्याकडे लाट आली 2010 च्या आसपास. दिल्लीच्या कुणाल बहल आणि रोहित बन्सल यांचा धंदा आधी छापील कूपनपुस्तिकांचा होता; फेब्रुवारी 2010 मध्ये तोच स्नॅपडील नावाने इंटरनेटवर आला. मायडाला, डील्सअँडयू, सोसस्ता अशी रांग लागली. सोसस्ताला ग्रुपॉनने 2011 मध्ये विकत घेतलं. चढाओढ इतकी, की सप्टेंबर 2013 मध्ये कांदा कडाडला तेव्हा ग्रुपॉनने तो 9 रुपये किलोने विकला, तोही घरपोच. तीन हजार किलो कांदा 44 मिनिटांत संपला. लासलगाव ज्या राज्यात आहे तिथल्या माणसाला ह्यावर हसावं की रडावं कळणार नाही. पण त्या वेळी तोटा कंपनीने सोसला, एवढं मान्य करायला हवं.

फुटकळ कूपनांवर पोट भरेना, म्हणून स्नॅपडील 2011 च्या अखेरीस माल विकण्याकडे वळलं. ग्रुपॉनच्या इथल्या शाखेची 2015 मध्ये निअरबाय झाली. मग झोमॅटो गोल्डसारखी 'एकावर एक' सभासदत्वं आली. ऑगस्ट 2019 मध्ये गुरुग्रामच्या शेकडो हॉटेलवाल्यांनी अशा योजनांतून एकगठ्ठा अंग काढून घेतलं. लोण मुंबई-पुण्यापर्यंत पोचलं. तक्रार तीच: सूट आमच्या ताटातून, गिऱ्हाईक मात्र ॲपचं.

'फक्त आज' हा ह्या धंद्याचा मंत्र. पगारी माणसं रोज बाहेर जेवतात अशा शहरात तो चालतो. गोंदियाचा बाजार मोठ्या प्रमाणात धानावर हलतो. सालेकसा-देवरीचा शेतकरी धान विकून पैसा हाती आल्यावर लग्नाचा बस्ता बांधायला येतो. मोबाइलवर घड्याळ उलटं धावतंय म्हणून आज नाही येत. आणि ओळखीच्या दुकानात तो घासाघीस करून स्वतःची सूट स्वतःच मिळवतो, मध्यस्थाचा वाटा न देता. म्हणून मला वाटतं, इथे ह्या धंद्याला रोजचं गिऱ्हाईक मिळणं अवघडच.

तरी एखादा टाय लावलेला पोरगा टॅब घेऊन तुमच्या काउंटरवर येईलच. त्याला चहा पाजा आणि चार गोष्टी कागदावर लिहून मागा: कूपनं जास्तीत जास्त किती विकणार, कोणत्या वारी चालणार, पैसे किती दिवसांत खात्यात येणार, आणि आलेल्या गिऱ्हाइकाचा नंबर तुम्हाला मिळणार की नाही. चौथ्याचं उत्तर 'नाही' आलं, तर सही करू नका.