पोच न आलेल्या पाकिटांचा इतिहास

संगणकाचा इतिहास आपण बहुधा वेगाचा इतिहास म्हणून वाचतो. प्रत्येक पिढीचे यंत्र आधीच्या पिढीहून जलद, प्रत्येक तार आधीच्या तारेहून रुंद, असा चढता आलेख त्यात असतो. या आलेखात न बसणारे एक प्रकरण मात्र आहे. तेथे वेग नाहीसा झाला तो यंत्रांच्या घाईमुळे, आणि परत मिळाला तो त्यांना थांबायला शिकवल्यामुळे.

ऑक्टोबर १९८६. कॅलिफोर्नियातील बर्कली येथे टेकडीवर लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आहे आणि खाली विद्यापीठ. दोन्हींच्या संगणकांमधले अंतर ४०० यार्ड, आणि वाटेत जाळ्याचे केवळ दोन टप्पे. एरवी या वाटेने सेकंदाला ३२,००० बिट्स माहिती जात असे. त्या महिन्यात हे प्रमाण सेकंदाला ४० बिट्सवर आले. याचा अर्थ साध्या हिशेबाने समजून घेता येईल. दोन हजार रोमन अक्षरांचे एक पान म्हणजे सुमारे १६,००० बिट्स. जे पान अर्ध्या सेकंदात पोचत होते, त्याला आता सहा मिनिटांहून अधिक वेळ लागणार होता. तेवढ्या वेळात ते पान हातात घेऊन टेकडी उतरलेला माणूस आधी पोचला असता.

अशा वेळी पहिला संशय येतो तो तारेवर. परंतु तार तुटलेली नव्हती, यंत्रेही बिघडलेली नव्हती. उलट प्रत्येक यंत्र आपले कर्तव्य चोख बजावत होते. आणि दोष नेमका त्या कर्तव्याच्या कल्पनेतच होता.

जाळ्यावरून फाइल अखंड जात नाही. तिची लहान लहान पाकिटे केली जातात आणि प्रत्येक पाकिटाची पोच पलीकडून यावी लागते. टीसीपी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संकेतांचे प्रमाणभूत रूप १९८१ साली प्रसिद्ध झाले, आणि १ जानेवारी १९८३ पासून अमेरिकेतील आर्पानेट हे जाळे त्यांवर चालू लागले. ठरावीक वेळात पोच आली नाही, तर पाकीट हरवले असे समजून ते पुन्हा पाठवायचे, हा त्यांतला एक नियम. वरवर पाहता यात गैर काहीच नाही.

पण पोच न येणे म्हणजे एक मौन आहे, आणि मौनाचे अर्थ एकाहून अधिक असतात. पाकीट हरवलेले असू शकते, तसेच ते वाटेतल्या एखाद्या यंत्रापाशी रांगेत ताटकळत उभे असू शकते. पाठवणाऱ्याने पहिलाच अर्थ गृहीत धरला, तर तो त्याच पाकिटाची दुसरी प्रत धाडतो. ती प्रतही त्याच रांगेत उभी राहते, रांग लांबते, पोच आणखी लांबते आणि मग तिसरी प्रत निघते. रांगेची जागा संपली की पाकिटे टाकून दिली जातात. आता ती खरोखरच हरवलेली असतात. अशा रीतीने तार सतत भरलेली राहते, पण तिच्यातून नवे असे फारसे काही जात नाही. जॉन नेगल यांनी जानेवारी १९८४ मध्येच एका टिपणात या धोक्याची सूचना दिली होती.

व्हॅन जेकबसन आणि मायकेल कॅरल्स यांनी या प्रकरणाचा छडा लावला. जेकबसन यांची पद्धत आपल्या परिचयाची वाटावी अशी आहे: त्यांनी पाकिटांची नोंद बारकाईने वाचली. कोणते पाकीट कोणत्या क्षणी निघाले, याचे ठिपके त्यांनी आलेखावर मांडले. एका मोजणीत असे दिसले की, जवळजवळ सारा मजकूर निदान दोनदा पाठवला गेला होता, आणि त्यातला एक तुकडा तर पाच वेळा. उपलब्ध क्षमतेपैकी केवळ ३५ टक्के सार्थकी लागली होती.

१९८८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधातील उपाय म्हणजे मौनाचे नवे वाचन होते. पोच आली नाही, तर वाट कोंडली आहे असे समजावे. आरंभी एकच पाकीट पाठवावे. पोच आल्यावर दोन, मग चार, असे वाढत जावे. कोंडीची चाहूल लागताच आपला वाटा निम्म्यावर आणावा आणि पुढे तो एकेका पाकिटाने वाढवावा. जुने पाकीट वाटेतून बाहेर पडल्यावरच नवे आत सोडावे. यासाठी एकही तार बदलावी लागली नाही. बदलली ती दोन टोकांवरच्या यंत्रांची वागणूक. आणि हा संयम पाळायला लावणारी कोणतीही सत्ता जाळ्याच्या मध्यभागी नव्हती. तो ज्याचा त्यानेच पाळायचा होता.

प्रकरण येथे संपत नाही. पुढे संगणकाची स्मृती स्वस्त झाली. पाकीट टाकून देणे वाईट, या समजुतीने मधल्या यंत्रांत रांगेसाठी प्रशस्त जागा ठेवली जाऊ लागली. २०१० साली जिम गेटीस यांच्या लक्षात आले की, घरून मोठी फाइल पाठवत असताना जोडणीवरचे इतर सारे व्यवहार सेकंदभराच्या विलंबाने होत आहेत. पाकिटे हरवतच नव्हती, त्यामुळे पाठवणाऱ्याला थांबण्याची खूण वेळेवर मिळत नव्हती आणि रांग फुगत चालली होती. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि जेकबसन यांनी यावर तोड सुचवली: रांगेची लांबी न मोजता पाकिटाला किती काळ थांबावे लागते ते पाहावे, आणि विलंब टिकून राहिला तर एखादे पाकीट मुद्दाम टाकून द्यावे. येथे पाकीट हरवणे हाच निरोप ठरतो.

१९८८ च्या वाचनालाही मर्यादा होत्या. तारेवर पाकीट खराब होऊन हरवणे दुर्मिळ, हे त्यामागचे गृहीत होते. बिनतारी जाळ्यात पाकीट नुसत्या गोंगाटातही हरवू शकते. तेथे निम्म्यावर येणे म्हणजे विनाकारण माघार घेणे.

साहित्याच्या वर्गात आपण विद्यार्थ्यांना सांगतो की, संहितेतील मौनाचा अर्थ संदर्भाविना ठरवू नये. अर्थ चुकला तर तेथे फार तर एखादी उत्तरपत्रिका बिघडते. बर्कलीत मात्र एका मौनाचा सोयीचा अर्थ सर्वांनी एकाच वेळी लावला, आणि ४०० यार्डांची वाट बंद पडण्याच्या बेतात आली.