१७. छायाचित्रांची मार्गिका

‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ या अमेरिकी विज्ञानमालिकेतील युद्धनौकेचा एक अरुंद बोळ. सायलॉन या यंत्रमानवांच्या अणुहल्ल्यात बारा वसाहती बेचिराख होतात. उरलेली जेमतेम पन्नास हजार माणसे मृत आणि बेपत्ता आप्तांचे फोटो या बोळाच्या भिंतीवर चिकटवतात. संदर्भ उघड आहे : ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर (मृत २,९७७, हल्लेखोर वगळून) न्यू यॉर्कमध्ये नातेवाइकांनी रुग्णालयांच्या भिंतींवर, बसथांब्यांवर लावलेली बेपत्तांची पत्रके. १९७८ ची मूळ मालिकाही अशाच संहारापासून सुरू होते, पण तिथे शोक आटोपून साहसकथेला लागण्याची घाई दिसते. रॉनल्ड डी. मूर यांनी २००३ मध्ये ती नव्याने रचली तेव्हा शोक मुक्कामालाच राहिला. राष्ट्राध्यक्षा जिवंत माणसांचा आकडा फळ्यावर लिहून ठेवते. २००६ च्या तिसऱ्या पर्वात बाजू उलटते : सायलॉनांनी बळकावलेल्या वस्तीत आत्मघाती स्फोट घडवतात ती माणसेच, म्हणजे ज्यांच्या बाजूने प्रेक्षक आतापर्यंत उभा होता ती. रोख अमेरिकेने व्यापलेल्या इराककडे होता. मार्च २००९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या न्यू यॉर्क मुख्यालयात या मालिकेवर चर्चासत्र झाले.