नकाशातले स्थानक

खडकवासल्याच्या एनडीएतून शिकून बाहेर पडलेल्या सेनानींवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. तिथे कॅडेटांना वळण लावायला नेमलेल्या अधिकाऱ्यांकडे मात्र आपले लक्ष क्वचित जाते. ग्रुप कॅप्टन दिलीप पारुलकर हे तिथे बटालियन कमांडर होते. १० ऑगस्ट २०२५ रोजी पुण्याजवळच्या राहत्या घरी त्यांचे निधन झाले, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यांची आठवण काढली ती १९७२ सालच्या पलायनासाठी. थरार खराच. मला मात्र त्याहून रस आहे तो ते पलायन फसले कसे आणि फसूनही तिघे जिवंत कसे राहिले, यात.

पारुलकर मार्च १९६३ मध्ये हवाई दलात आले. १९६५च्या युद्धात त्यांच्या विमानावर गोळीबार झाला, उजव्या खांद्याला जखम झाली. वरिष्ठांनी विमानातून उडी घेण्याचा सल्ला दिला होता. त्यांनी मोडके विमान तळावर आणून उतरवले. त्याबद्दल वायुसेना पदक मिळाले. युद्धकैदी झालोच तर पळून येईन, असे ते १९७१च्या आधीपासून सहकाऱ्यांना सांगत. १० डिसेंबर १९७१ रोजी त्यांचे सुखोई-७ जफरवालच्या परिसरात पाडले गेले आणि बोलणे खरे करून दाखवायची वेळ आली.

रावळपिंडीच्या छावणीत भारतीय हवाई दलाचे बारा बंदिवान होते. धीरेंद्र जाफा, विद्याधर चाटी ही त्यांतलीच नावे. छावणीप्रमुख स्क्वाड्रन लीडर उस्मान हमीद माणुसकीने वागणारे होते. २ जुलै १९७२ला सिमला करार झाला; आता सुटका होईल असे सगळ्यांना वाटले. पण सुमारे ९३ हजार पाकिस्तानी बंदींचा प्रश्न बांगलादेशाच्या मान्यतेशी जोडला गेला होता. त्या घोळात मूठभर वैमानिकांची वाट कोण पाहणार? पारुलकर, मलविंदरसिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी यांनी कोठडीची भिंत पोखरायला घेतली. हत्यारे म्हणजे सुरी, काटा, कात्री. उड्डाणाच्या वेळी घालायच्या जी-सूटमधून पाणी न्यायच्या पिशव्या बनल्या. १२-१३ ऑगस्टच्या रात्री, वादळी हवेचा फायदा घेऊन, ते बाहेर पडले. बसने पेशावर, तिथून खैबर खिंडीत लंडी कोटल. अफगाण सरहद्द आता काही मैलांवर होती.

इथे नकाशा आडवा आला. माझ्यासारख्या, कुठल्याही विद्यापीठाचा शिक्का नसलेल्या माणसाला जुनी वेळापत्रके आणि नकाशे चाळायचा नाद असतो. त्यामुळे या जागेवर मी फार रेंगाळलो आहे. खैबर रेल्वे १९२५ साली लंडी कोटलपर्यंत गेली, पुढच्या वर्षी लंडी खानापर्यंत. हा शेवटचा तुकडा १९३२ मध्येच बंद पडला. या तिघांचा आधार होता शाळकरी मुलांचा ऑक्सफर्ड अ‍ॅटलास. त्यातल्या स्थानकावर विसंबून त्यांनी लंडी खानाला जायची वाट विचारली. चाळीस वर्षांपूर्वी बंद झालेल्या स्थानकाचा पत्ता विचारणारे तरुण कोण? तहसील कचेरीतल्या कारकुनाला ते बंगाली वाटले; पाकिस्तानात अडकलेले बंगाली याच वाटेने काबूलकडे निसटत होते. संशय सपशेल चुकीचा होता, पण माणसे बरोबर सापडली.

आपण पाकिस्तानी हवाई दलाचे, लाहोरचे, असे तिघांनी सांगून पाहिले. ते टिकेना. टोळीवाल्यांच्या त्या मुलखात निनावी माणूस मारला गेला तर विचारणारे कोणी नव्हते. तेव्हा पारुलकरांनी एक हट्ट धरला : पाकिस्तानी हवाई दलप्रमुखांच्या एडीसींना फोन लावून द्या. हे एडीसी म्हणजे तेच उस्मान हमीद, बदली होऊन तिथे गेलेले. त्यांनी आवाज ओळखला आणि तहसीलदाराला बजावले की, ही आमची माणसे आहेत, सांभाळून ठेवा, हात लावू नका. भिंतीतल्या भोकाहून मला हा फोन मोठा वाटतो. सुटकेची आशा सोडून त्यांनी जीव वाचवला, तो स्वतःची ओळख शत्रूच्याच कानावर घालून.

पुढे एकांतवासाची शिक्षा, मग ल्यालपूरची छावणी आणि १ डिसेंबर १९७२ला वाघा सरहद्द. काही महिन्यांतच घरच्यांनी पारुलकरांचे लग्न लावले. त्या दिवशी ग्रेवाल आणि सिंहजींची तार आली : या गोड कैदेतून सुटका नाही, अशा अर्थाची. या कैदेतून पळायचा बेत मात्र त्यांनी कधी केला नाही. मागे पत्नी आणि दोन मुलगे असा परिवार आहे. फेथ जॉन्स्टन यांचे ‘फोर माइल्स टू फ्रीडम’ मुळातून वाचावे. २०१९चा चित्रपट नंतर पाहिला तरी चालेल.

याच युद्धातल्या दुसऱ्या एका मराठी वैमानिकाला असा फोन मिळाला नाही. फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे यांचे सुखोई ५ डिसेंबरला शोरकोटच्या हल्ल्यात पडले. पकडलेल्या वैमानिकांच्या यादीत ‘टॉम्बे’ असे नाव ढाक्याच्या एका वर्तमानपत्रात छापून आले. युद्धबंदी परतले त्यांत ते नव्हते. पत्नी दमयंती तांबे बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. लग्नाला जेमतेम दीड वर्ष झालेले. २००७च्या जूनमध्ये बेपत्ता सैनिकांचे नातेवाईक पाकिस्तानातले तुरुंग पाहून आले, त्यांत दमयंतीबाई होत्या. हाती काही लागले नाही.