जागतिक एन्ड्युरन्स अजिंक्यपद आणि प्रादेशिक स्पोर्ट्स कार शर्यती

स्पोर्ट्स कारच्या दीर्घ पल्ल्याच्या शर्यतींसाठी २०१२ साली वर्ल्ड एन्ड्युरन्स चॅम्पियनशिप (डब्ल्यूईसी) ही जागतिक अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली. ‘ले मान्स २४ तास’ ही शर्यत भरवणारा फ्रान्सचा एसीओ हा क्लब आणि मोटारशर्यतींची जागतिक नियामक संस्था एफआयए यांनी ती मिळून उभी केली. तिच्या येण्याने अमेरिका आणि युरोपमधल्या प्रादेशिक मालिकांची घडी मोडली. त्यातली एक दोन वर्षांत इतिहासजमा झाली आणि दुसरी मोडता मोडता वाचली.

आधीची जागतिक स्पोर्ट्स कार स्पर्धा १९५३ ते १९९२ अशी चालली. ती बंद पडल्यानंतरच्या वीस वर्षांत वर्षभराच्या ले मान्स-पद्धतीच्या शर्यती जगवल्या त्या प्रामुख्याने प्रादेशिक मालिकांनी. उद्योजक डॉन पॅनोझ यांनी १९९९ मध्ये अमेरिकन ले मान्स मालिका (एएलएमएस) सुरू केली. तिच्या आदल्या वर्षी रोड अटलांटा सर्किटवर ‘पेटिट ले मान्स’ ही शर्यत सुरू झाली होती. युरोपातली मालिका २००४ ची. यांना दुय्यम म्हणणे चूक ठरेल. आउडीची डिझेल आर-१० पहिल्यांदा धावली आणि जिंकली ती एएलएमएसमधल्या २००६ च्या सेब्रिंग शर्यतीत, म्हणजे ले मान्सच्या तीन महिने आधी. २००८ च्या सेब्रिंगमध्ये पोर्शेच्या आरएस स्पायडरने दुसऱ्या वर्गातली असूनही आउडी आणि प्यूजोच्या बलाढ्य गाड्यांना मागे टाकून शर्यत जिंकली. मोठ्या कंपन्या आपली सर्वोत्तम गाडी घेऊन येत होत्या, आणि त्यांच्याशी झुंजायला मिळते म्हणून लहान खासगी संघही पदरमोड करून येत होते. मालिकेचा सारा डोलारा या दुसऱ्या गोष्टीवर उभा होता.

डब्ल्यूईसीची पूर्वतयारी २०१० पासून ‘इंटरकॉन्टिनेंटल ले मान्स कप’च्या रूपाने चालू होती. त्या कपाच्या फेऱ्या मुख्यतः प्रादेशिक मालिकांच्याच शर्यतींवर बेतलेल्या होत्या. २०११ मध्ये युरोपीय मालिकेच्या पाच शर्यतींपैकी स्पा, इमोला आणि सिल्वरस्टोन या तीन कपातही मोजल्या गेल्या. जागतिक मान आणि प्रादेशिक गर्दी एकाच मैदानावर नांदत होती. २०१२ मध्ये ही वाटणी संपली. डब्ल्यूईसीने आठ शर्यतींचे स्वतःचे वेळापत्रक आखले : सेब्रिंग, स्पा, ले मान्स, सिल्वरस्टोन, साओ पावलो, बहारीन, फुजी आणि शांघाय. पेटिट ले मान्सला त्यात जागा मिळाली नाही.

पहिली फेरी, बारा तासांची, १७ मार्च २०१२ रोजी फ्लोरिडातल्या सेब्रिंगला झाली. दुसऱ्या महायुद्धातल्या विमानतळाच्या काँक्रीटवर आखलेल्या याच मार्गावर १९५३ च्या जुन्या स्पर्धेचीही पहिली शर्यत झाली होती. त्या दिवशी साठहून अधिक गाड्या सुटल्या, पण एकाच धावपट्टीवर दोन स्पर्धा चालू होत्या. डब्ल्यूईसीच्या गाड्यांना अमेरिकन गुण नव्हते आणि एएलएमएसच्या गाड्यांना जागतिक गुण नव्हते. गाडीला गाडी भिडत होती, तरी गुणतक्ते वेगळे. प्रादेशिक शर्यतीचे काय होणार, हे त्या बारा तासांत उघड दिसत होते.

अमेरिकेत त्या हंगामात पी-१ या सर्वोच्च वर्गात पूर्ण वर्ष लढणारे संघ जेमतेम दोन उरले, मसल मिल्क पिकेट आणि डायसन. सप्टेंबर २०१२ मध्ये एएलएमएस आणि नॅस्कारच्या मालकीची ग्रँड-ॲम मालिका यांच्या विलीनीकरणाची घोषणा झाली. २०१४ पासून धावलेल्या संयुक्त मालिकेत पी-१ वर्गच नव्हता. आउडीने २०१३ मध्ये सेब्रिंग जिंकून तिथला निरोप घेतला. या सगळ्याचे खापर एकट्या डब्ल्यूईसीवर फोडता येणार नाही. अमेरिकेत दोन मालिका एकाच प्रेक्षकावर आणि त्याच प्रायोजकांवर जगू पाहत होत्या, आणि कारखान्यांचे संघ त्याआधीच पातळ होऊ लागले होते. पण पी-१ हा मालिकेचा मुकुटमणी परत येण्याची आशा मात्र जागतिक स्पर्धेने संपवली.

युरोपातला फटका अधिक थेट होता. तिथल्या मालिकेतून (ईएलएमएस) पी-१ वर्ग काढून घेतला गेला, आणि रिबेलियन, स्ट्राक्कासारखे संघ जागतिक स्पर्धेकडे गेले. २०१२ मध्ये पुरेशा गाड्या जमेनात. झोल्डर आणि ब्रनो इथल्या शर्यती रद्द झाल्या. ठरलेल्या शर्यतींतून उरल्या तीन : पॉल रिकार, डोनिंग्टन आणि, युरोपीय मालिकेची असूनही, अटलांटिकपलीकडची पेटिट ले मान्स. पुढच्या वर्षी आयोजकांनी शर्यत तीन तासांची केली आणि सिल्वरस्टोनला डब्ल्यूईसीच्या आदल्या दिवशीचा शनिवार घेतला. २०१४ मध्ये चार तास ठरले, २०१५ मध्ये स्वस्त आणि सोपा एलएमपी-३ वर्ग आला. ले मान्सची छोटी नक्कल होण्याचा हट्ट सोडून, ले मान्सकडे नेणारी पायरी व्हायचे या मालिकेने ठरवले, आणि तीच तिला तारणारी गोष्ट ठरली. विजेत्या संघांना ले मान्सचे थेट निमंत्रण मिळते, हे आमिषही मोठे.

आशियातली मालिका २००९ च्या ओकायामातल्या एका प्रयत्नानंतर थांबली होती. ती २०१३ मध्ये मोजक्या गाड्यांनिशी पुन्हा सुरू झाली. भारताचा संबंध जागतिक आणि प्रादेशिक अशा दोन्ही टोकांना येतो. चेन्नईचा करुण चांदोक २०१२ च्या डब्ल्यूईसीत जेआरएम संघातून धावला आणि ले मान्सच्या शर्यतीत उतरणारा पहिला भारतीय ठरला. त्याच्या गाडीला सहावा क्रमांक मिळाला. २०२१ च्या आशियाई मालिकेत नरेन कार्तिकेयन, अर्जुन मैनी आणि नवीन राव हे ‘रेसिंग टीम इंडिया’ या नावाने एलएमपी-२ या दुसऱ्या वर्गातली गाडी घेऊन उतरले.

जानेवारी २०२० मध्ये एसीओ आणि अमेरिकेतली नियामक संस्था आयएमएसए यांनी सर्वोच्च वर्गाचे नियम एकमेकांना मानण्याचे ठरवले. २०२३ पासून पोर्शे ९६३ सारखी एकच गाडी दोन्हीकडे चालते, म्हणजे २०१२ मध्ये तुटलेला सांधा अकरा वर्षांनी जुळला. २०२४ मध्ये डब्ल्यूईसीने कारखान्यांच्या गर्दीला जागा करून देण्यासाठी एलएमपी-२ वर्ग आपल्या वर्षभराच्या स्पर्धेतून काढला, ले मान्सपुरता ठेवला. तेव्हापासून युरोपात या वर्गाला वर्षभर धावायचे तर ईएलएमएस हेच घर आहे.