गावात जाऊन येते

आम्ही कोथरूडला राहायला आलो त्याला आता बरीच वर्षं झाली, पण नारायण पेठेत जायचं असलं की आई अजूनही "जरा गावात जाऊन येते" असंच म्हणते. लहानपणी याची गंमत वाटायची. परवा आत्याशी बोलताना खरी गंमत लक्षात आली. ज्या नारायण पेठेला आम्ही 'गाव' म्हणतो, ती स्वतःच एकेकाळी गावाची कड होती!

पेठेला नाव आहे ते नारायणराव पेशव्याचं. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात मारला गेला, तोच तो. जुनं पुणं कसब्याच्या आसपासचं आणि ही पेठ त्याच्या पश्चिमेला, थेट मुठेच्या काठावर. पलीकडे भांबुर्डं. नदी ओलांडायला लकडी पूल, तो १७६१ सालचा, पानिपतानंतरचा. त्यातलं लाकूड केव्हाच गेलं, दगड आले, संभाजी पूल असं नाव मिळालं. आम्ही मात्र लकडी पूलच म्हणतो.

कडेची वस्ती कशी असते? भर गावात ज्या गोष्टी नको असतात आणि ज्यांना ऐसपैस जागा लागते, त्या तिथे येतात. मोदी गणपतीचंच बघा. हे नाव पडलं खुश्रूशेट मोदींच्या बागेवरून. हे पारशी गृहस्थ इंग्रज रेसिडेंटाच्या पदरी होते. त्याच गणपतीला म्हणे बोंबल्या गणपतीही म्हणत, कारण जवळच सुक्या बोंबलांचा बाजार भरायचा. आज त्या बोळातून जाताना ना बाग दिसते, ना बोंबलांचा वास येतो. नावं तेवढी राहिली.

गायकवाड वाडाही असाच ऐसपैस. १९०५ साली टिळकांनी तो घेतला, 'केसरी' तिथे आला आणि वाड्याचं नावच केसरीवाडा झालं. मानाचा पाचवा गणपती तिथलाच. पुढच्याच वर्षी, १९०६ मध्ये, नदीपलीकडे डेक्कन जिमखाना सुरू झाला. मग हळूहळू तिथे बंगले उठले. कड पलीकडे सरकली आणि नारायण पेठ मध्यवस्ती झाली. नदी काठाला आहे हे लोक जवळजवळ विसरलेच.

नदीने आठवण करून दिली ती १२ जुलै १९६१ ला.

आत्या तेव्हा नऊ वर्षांची. पानशेतचं धरण अजून पुरतं बांधून व्हायचं होतं. ते सकाळी फुटलं आणि त्याच दिवशी खडकवासलाही फुटलं. लकडी पूल पाण्याखाली गेला. आजोबांनी मुलांना घेऊन आधी माडी गाठली आणि मग चढाच्या बाजूला पळ काढला. आजीने देव आणि शिधापत्रिका तेवढी उचलली. आत्याची दप्तराची पेटी खाली राहिली, ती राहिलीच. पाणी ओसरल्यावर घरभर गुडघ्याएवढा चिखल. तो उपसून झाल्यावर आजोबांनी पहिलं काम काय केलं, तर जिन्याजवळच्या खांबावर पाणी चढलं होतं तिथे खिळ्याने रेघ मारली आणि खाली तारीख कोरली.

पुरानंतर अनेक कुटुंबं पेठ सोडून नव्या वसाहतींत गेली. गोखलेनगर, सहकारनगर ही नावं तेव्हाचीच. म्हणजे पुण्याची कड पुढे ढकलली ती नुसत्या हौसेने नव्हे, पुरानेही. आमचे आजोबा मात्र हलले नाहीत. "पाणी रोज थोडंच येतं," म्हणायचे.

रोज येत नाही हे खरं. पण २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं, तेव्हा आत्या टीव्हीसमोरून उठेना. तळमजल्यावरची बाई हातात गॅसची शेगडी धरून उभी होती. आत्या एवढंच म्हणाली, "हीसुद्धा गावाची कडच. पाणी तेच, खडकवासल्याचं. यांच्या भिंतीवर कोणी रेघ मारून ठेवेल का रे?"

मला उत्तर देता आलं नाही. घर घेताना आपण पार्किंग विचारतो, मेट्रो किती लांब ते विचारतो. पाणी कुठवर आलं होतं, हे कोण विचारतं?

असो. हे सगळं आत्ता आठवायचं कारण म्हणजे आमचा वाडा आता पाडायचा आहे. सगळ्यांच्या सह्या झाल्या, आत्याची तेवढी राहिली होती. तिने कुरकुर केली नाही, जास्त जागाही मागितली नाही. एकच अट घातली: तो खांब नव्या इमारतीच्या जिन्यात, होता त्याच उंचीवर उभा करायचा. बिल्डर हसला, पण कागदावर लिहून दिलंन.

तेव्हा वाडा बघायचा असेल त्या भावंडांनी दिवाळीच्या आत येऊन जा. आणि खांब उतरवायच्या दिवशी कोणीतरी टेप घेऊन या. जमिनीपासून रेघ किती उंच आहे, हे इतक्या वर्षांत आपण कोणीच मोजलेलं नाही.