वास आणि घंटा

आमच्या शाळेची जुनी घंटा म्हणजे रेल्वेच्या रुळाचा हातभर लांबीचा तुकडा. मैदानाच्या कडेच्या लिंबाला तो तारेने टांगलेला आहे. दौंडच्या बाजूने कोणीतरी कधीकाळी तो आणला, एवढेच गावातली म्हातारी माणसे सांगतात. मध्यंतरी शाळेत विजेची घंटा आली आणि हा तुकडा नुसताच लोंबकळत राहिला. आज तो आम्ही पुन्हा वाजवू लागलो आहोत. का, हे सांगावयाचे तर आधी पुष्कळ दूरचा इतिहास सांगितला पाहिजे. कारण या हकिकतीचे एक टोक शिरूर तालुक्यात असले, तरी दुसरे अमेरिकेतल्या टेक्सास प्रांतात आहे.

शिरूर आणि दौंड ही दोन्ही गावे वाटेवर वाढलेली. घोडनदीच्या काठी शिरूरला इंग्रजांची छावणी होती. १८१७ सालच्या अखेरच्या रात्री कॅप्टन स्टॉंटनची फौज निघाली आणि दुसऱ्या दिवशी कोरेगावला पोहोचली ती येथूनच. दौंडला पुण्याकडून रेल्वे आली, पुढे मनमाडचा फाटा फुटला आणि भीमेकाठचे ते गाव जंक्शन झाले. वाटेवर बसणाऱ्याच्या दारावरून साऱ्या जगाचा माल जातो. एके काळी दारूगोळा गेला, मग कोळसा गेला, आता गॅस जातो. शिक्रापूरला भारत पेट्रोलियमचा सिलिंडर भरण्याचा कारखाना आहे. फिरंगाईच्या कुरकुंभला रासायनिक कारखान्यांची वसाहत उभी आहे. नगर रस्त्याने आणि सोलापूर रस्त्याने टँकरांची रांग चालू असते, आणि त्याच रस्त्यांच्या कडेने आमची मुले दप्तरे पाठीला लावून शाळेत येतात.

गॅस ही वस्तू महाराष्ट्राला नवी नव्हे. मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले ते १८६५ साली. तो गॅस दगडी कोळशापासून काढलेला असे व त्याला स्वतःचाच उग्र दर्प होता. पुढे १९५५ च्या सुमारास बर्मा शेल कंपनीने ‘बर्शेन’ या नावाने मुंबईत सिलिंडर विकावयास काढले. हा दुसऱ्या जातीचा गॅस, प्रोपेन व ब्यूटेन यांचा. खेड्यांतल्या चुलींपर्यंत तो पोहोचावयास आणखी साठ वर्षे लागली. २०१६ साली उज्ज्वला योजना आली तेव्हा कोठे तो रानातल्या वस्त्यांवर दिसू लागला. २००१ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर शाळाशाळांतून मुलांना शिजवलेले अन्न मिळू लागले, आणि खिचडीच्या पातेल्याखालीही हळूहळू लाकडाच्या जागी हाच गॅस आला.

या गॅसला मुळात वास जवळजवळ नाही, रंगही नाही. आपल्याला जो कुजल्यासारखा वास येतो, तो मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टन नावाच्या द्रव्याचा. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. रसायनशास्त्राशी माझा संबंध तेवढाच. हा वास कोणी घातला आणि कशासाठी, हा प्रश्न मला वयाची चाळिशी उलटेपर्यंत पडला नव्हता.

टेक्सासमध्ये न्यू लंडन नावाचे गाव आहे. तेलाच्या विहिरींमुळे तेथे पैसा आला आणि गावाने आपल्या मुलांसाठी टोलेजंग शाळा बांधली. १९३७ साली शाळेच्या कारभाऱ्यांनी गॅसच्या बिलाची काटकसर करण्यासाठी नेहमीच्या कंपनीचा गॅस बंद केला व तेलक्षेत्रातून जाणाऱ्या उरलेल्या गॅसच्या नळाला जोड देऊन फुकटचा गॅस घेतला. जोड कोठेतरी गळत होता. इमारतीखालच्या पोकळीत गॅस साठत गेला. मुले डोके दुखते म्हणून तक्रार करीत होती. पण वास नाही, तर संशय कोणाला यावा? १८ मार्च १९३७ रोजी दुपारी तीन वाजून गेल्यावर सुतारकामाच्या शिक्षकांनी लाकूड घासण्याचे विजेचे यंत्र सुरू केले. बटणाची ठिणगी पडली आणि सारी इमारत उचलली जाऊन खाली कोसळली. जवळजवळ तीनशे माणसे गेली, त्यांत बहुतेक मुले. काही आठवड्यांतच टेक्सासच्या विधिमंडळाने गॅसला वास देणे सक्तीचे केले, आणि ती रीत पुढे जगभर गेली.

आमच्या खिचडीच्या खोलीत गॅस सुटला की नाकाला जे कळते, त्याची किंमत त्या मुलांनी मोजलेली आहे.

नियमांचा इतिहास चाळला की बहुतेक प्रत्येक कलमाखाली अशीच एखादी राख सापडते. आपल्याकडे स्फोटकांचा कायदा १८८४ चा, आणि गॅस सिलिंडरांचे नियम पहिल्यांदा १९४० साली झाले. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाला आग लागली. त्या जहाजावर कापसाच्या गासड्या होत्या आणि सुमारे १,४०० टन स्फोटके होती. आग विझविण्यास गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान परतले नाहीत; १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन पाळला जातो तो त्यांच्यासाठी. १९ नोव्हेंबर १९८४ रोजी मेक्सिको शहराच्या वेशीवर गॅसच्या साठ्याने पेट घेतला व आसपासच्या वस्तीतली सुमारे पाचशे माणसे गेली. त्यानंतर पंधरवडा उलटतो न उलटतो तोच भोपाळ घडले. त्यातून आपल्याकडे १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा झाला व १९८९ साली घातक रसायनांचे नियम आले. नोव्हेंबर १९९० मध्ये नागोठण्याच्या कारखान्यात गॅसच्या स्फोटाने तीसहून अधिक माणसे दगावली. महाराष्ट्राने आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजनांचा कायदा २००६ साली केला. त्या कायद्यान्वये आगीची साधने चालू स्थितीत असल्याचा दाखला दरवर्षी जानेवारीत व जुलैत द्यावा लागतो.

शाळांचीही वेगळी परंपरा आहे, आणि तीही तितकीच जळालेली. १९०८ साली क्लीव्हलंडजवळच्या कॉलिनवुड गावच्या शाळेत १७२ मुले दाराशी चेंगरून व होरपळून गेली. अमेरिकेत शाळांची दारे आणि आगीच्या वेळचा सराव यांकडे गांभीर्याने पाहिले जाऊ लागले ते या आगीनंतर. आपल्याकडे १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतल्या कुंभकोणम येथे दुपारच्या जेवणाच्या स्वयंपाकघरातून ठिणगी गवती छपराला लागली आणि ९४ मुले गेली. त्या प्रकरणी १३ एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क आलाच.

आता गंमत पाहा. १९८९ च्या नियमांप्रमाणे मोठा साठा करणाऱ्या कारखान्याने आपल्या आवारात दर सहा महिन्यांनी संकटाचा सराव करावयाचा असतो. आवाराबाहेरच्या योजनेचा सरावही वर्षातून एकदा व्हावयाचा असतो, आणि अपघाताची झळ ज्यांना पोहोचू शकते त्यांना काय धोका आहे व काय करावे हे सांगण्याचे बंधनही आहे. म्हणजे कुंपणाबाहेरच्या शाळेला विचारण्याचा अधिकार आहे. मात्र तो वापरणारा मुख्याध्यापक मला अजून भेटावयाचा आहे. उलट बाजूला घरगुती गॅसचा शंभर किलोपर्यंतचा साठा परवान्याशिवाय ठेवता येतो. आमच्या शाळेतले सिलिंडर दोन, प्रत्येकी १४.२ किलोचे. कायद्याच्या नजरेस आम्ही इतके लहान, की दिसतच नाही. आणि जेथे नियम असूनही पाळले जात नाहीत तेथे काय होते, ते ८ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री ताथवड्याला दिसले. टँकरमधून चोरून सिलिंडर भरता भरता ते एकामागून एक फुटले आणि जवळ उभ्या असलेल्या शाळेच्या बसगाड्या जळाल्या. रविवारची रात्र होती म्हणून गाड्या रिकाम्या होत्या. एवढीच काय ती आपली पुण्याई.

आता माझी गोष्ट. श्रावणातला दिवस, बाहेर भुरभुर पाऊस, म्हणून स्वयंपाकखोलीची खिडकी लावलेली. खिचडी करणाऱ्या मावशींना पडसे झाले होते. तिसरीतली एक मुलगी वर्गाच्या दारात येऊन म्हणाली, “गुरुजी, कायतरी कुजल्यावानी वास येतोय.” मी पडवीत आलो. वास मलाही आला. गॅस सुटला हे कळले, मुलांना बाहेर काढले पाहिजे हेही कळले. आणि माझा हात सवयीने स्वयंपाकखोलीच्या भिंतीवरच्या विजेच्या घंटेच्या बटणावर गेला. घंटा खणखणली. मुले मैदानाच्या खालच्या अंगाला, ओढ्याकडे पळाली. मावशींनी रेग्युलेटर बंद केला, खिडकी उघडली. काही झाले नाही.

मी स्वतःवर खूश होतो. चार दिवसांनी आमचा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. तो एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी आहे. मी मोठ्या अभिमानाने हकिकत सांगितली. तो ऐकत राहिला, मग उठून पडवीत गेला, बटण पाहून आला आणि म्हणाला, “गुरुजी, रागावू नका, पण तुम्ही दोन चुका केल्या. सुटलेल्या गॅसजवळ बटण दाबायचं नसतं. चालू दिवासुद्धा बंद करायचा नसतो. आणि हा गॅस हवेपेक्षा जड, तो उतारानं वाहतो. तुम्ही पोरांना त्याच्याच वाटेवर नेऊन बसवलंत.”

न्यू लंडनची माहिती मी त्यानंतर वाचली. त्या रात्री मला झोप आली नाही. त्या सुतारकामाच्या शिक्षकांनी बटण दाबले, कारण त्यांना वास आला नव्हता. मला वास आला होता. त्या मुलांच्या मरणातून निघालेली सूचना माझ्या नाकापर्यंत पोहोचली होती, आणि तरीही मी तेच केले.

नियम एवढेच करू शकतो, की वास नाकापर्यंत आणून सोडतो. त्यापुढे हाताने कोणीकडे जावे, हे हाताला शिकवावे लागते, आणि हात उपदेशाने शिकत नाही. पाढे जसे घोकून येतात तसे हे घोकावे लागते. पहिल्या सरावाच्या दिवशी मुले हसली, निम्म्यांनी दप्तरे उचलली, दोघे चपला शोधत बसले, आणि हजेरी घेताना पहिलीतला एक मुलगा सापडेना. तो शौचालयात होता. दुसऱ्या वेळी त्याला आणावयाचे काम चौथीतल्या एकाकडे दिले. आता आम्ही आगीचा सराव वेगळा करतो व गॅसचा वेगळा. गॅसचा असेल तर मुले ओढ्याकडे न जाता वाऱ्याची दिशा पाहून देवळाच्या पारावर चढतात, आणि मी हजेरीपट काखेत मारून मोजणी करतो. सिलिंडर आता बाहेरच्या जाळीच्या कपाटात, उभे असतात. शेजारच्या कारखान्यालाही आम्ही पत्र लिहिले आहे: तुमच्या सरावाच्या दिवशी आम्हांस कळवावे. उत्तर अजून यावयाचे आहे. न आल्यास दुसरे लिहू.

विजेची घंटा तासांपुरती राहिली. सरावाला मात्र तो रुळाचा तुकडा वाजतो, स्वयंपाकखोलीपासून दूर, मैदानाच्या कडेला, लाकडी मोगरीने. त्याचा आवाज पूर्वीसारखा खणखणीत येत नाही, थोडा बसका येतो. पण पारापर्यंत पोहोचतो. ज्या मुलीने वास येतो म्हणून सांगितले, ती यंदा चौथीत आहे. मोगरी तिच्याकडे दिली आहे.