रोगनामे, संकेतांक आणि नोंदपाल : रुग्णनोंद-प्रशिक्षणातील आंतरराष्ट्रीय सहकार्याचा इतिहास

वैद्यकाच्या इतिहासात औषधांचा शोध, शस्त्रक्रियेची प्रगती आणि साथींचे निवारण यांना मानाचे स्थान मिळालेले आहे. रुग्णालयाच्या तळघरात, फडताळांच्या रांगांमधून, रुग्णांची कागदपत्रे लावणाऱ्या व त्यांतील रोगनामांना संकेतांक देणाऱ्या कर्मचाऱ्याचा इतिहास मात्र सहसा कोणी लिहीत नाही. वस्तुतः एखाद्या देशात कोणता रोग किती माणसे मारतो, हे त्या देशाला ज्या आकड्यांवरून कळते, ते आकडे याच कर्मचाऱ्याच्या हातून निघतात. हा हात शिक्षित असावा, आणि एका देशातील शिक्षण दुसऱ्या देशातील शिक्षणाशी जुळावे, यासाठी जे आंतरराष्ट्रीय प्रयत्न झाले, त्यांचा मागोवा घेतला असता एक गोष्ट प्रकर्षाने दिसते. रोगांच्या नावांची यादी राष्ट्रांनी प्रथम तयार केली. ती यादी वापरणारा माणूस कसा तयार करावा, याचा विचार त्यांना फार उशिरा सुचला. या दोहोंमधील अंतर जवळजवळ एका शतकाचे आहे, आणि त्या अंतराची किंमत आजही मोजावी लागत आहे.

यादीचा इतिहास एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सुरू होतो. इंग्लंडच्या जन्ममृत्यू नोंदणी कार्यालयातील विल्यम फार याने १८३९ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्याच वार्षिक अहवालात एक तक्रार नोंदविली होती. एकाच रोगाला तीन-चार नावे असतात, एकच नाव अनेक रोगांना लावले जाते, आणि पुष्कळदा रोगाऐवजी केवळ त्याच्या उपद्रवाचे नाव लिहिले जाते, असे त्याचे म्हणणे होते. भाषाशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर पर्यायशब्द आणि अनेकार्थी शब्द या दोन नित्याच्या भाषिक घटनांनी येथे लोकांच्या मृत्यूचा हिशेब अडवून धरला होता. १८५३ साली ब्रुसेल्स येथे भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषदेने फार आणि जिनीव्हाचे मार्क देस्पीन यांच्याकडे सर्व देशांना चालेल अशी मृत्युकारणांची नामावली करण्याचे काम सोपविले. दोघांनी दोन निराळ्या तत्त्वांवर दोन याद्या केल्या. १८५५ च्या पॅरिस परिषदेने दोहोंचा मेळ घालून १३९ शीर्षकांची एक यादी स्वीकारली. ती सर्वमान्य झाली नाही. तथापि पुढील सर्व याद्यांची बीजे तिच्यात होती.

याच परिषदांच्या मालिकेत १८६० साली लंडन येथे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची एक योजना मांडली गेली. मृत्यूच्या नोंदीपलीकडे जाऊन रुग्णालयात दाखल झालेल्या प्रत्येक रोग्याची नोंद सर्वत्र एकाच नमुन्यावर व्हावी, अशी ती योजना होती. निरनिराळ्या रुग्णालयांतून माहिती मागवूनही परस्परांशी ताडून पाहता येतील अशा नोंदी जवळजवळ कोठेच मिळत नाहीत, हा त्यांचा अनुभव होता. परिषदेने योजनेला मान्यता दिली आणि लंडनमधील काही मोठ्या रुग्णालयांनी ते नमुने भरूनही पाहिले. परंतु प्रयोग टिकला नाही. नमुने भरण्यास लागणारा वेळ व खर्च यांचा भार रुग्णालयांना पेलेना. हे काम स्वतंत्र विद्या म्हणून शिकलेला माणूस त्या वेळी कोठेही नव्हता. जे काही होई, ते अन्य कामात गुंतलेल्या लेखनिकांकडून वा डॉक्टरांकडून होई. उत्तम नमुना असला म्हणजे उत्तम नोंद आपोआप होते, ही समजूत येथे प्रथम उघडी पडली. दुर्दैवाने तिचा बोध लवकर घेतला गेला नाही.

पुढील चार दशके यादीच्या सुधारणेतच गेली. आंतरराष्ट्रीय सांख्यिकी संस्थेने १८९१ साली व्हिएन्ना येथे नेमलेल्या समितीचे अध्यक्ष झाक बर्तियाँ यांनी १८९३ साली शिकागो येथे आपली यादी सादर केली. १८९८ साली कॅनडा, मेक्सिको व संयुक्त संस्थाने यांच्या नोंदणी अधिकाऱ्यांनी ती स्वीकारावी आणि दर दहा वर्षांनी तिची उजळणी व्हावी, अशी शिफारस झाली. १९०० साली पॅरिस येथे २६ देशांच्या प्रतिनिधींनी पहिली उजळणी संमत केली. ही यादी मृत्यूच्या कारणांपुरतीच असल्यामुळे तिचे काम नोंदणी कचेऱ्यांत चाले. रुग्णालयातील कागदपत्रांचा तिच्याशी फारसा संबंध येत नसे.

रुग्णालयाच्या बाजूने हालचाल झाली ती अमेरिकेत, आणि तीही अगदी वेगळ्या कारणाने. १९१३ साली स्थापन झालेल्या शल्यचिकित्सकांच्या महाविद्यालयाने १९१७ साली रुग्णालयांसाठी किमान दर्जाची काही कलमे ठरविली. प्रत्येक रोग्याची अचूक व संपूर्ण नोंद ठेवली पाहिजे, हे त्यांपैकी एक कलम होते. प्रत्यक्ष तपासणीत शंभर व त्याहून अधिक खाटांच्या ६९२ रुग्णालयांपैकी अवघी ८९ या दर्जाला उतरली. नोंद ठेवण्याचा नियम झाला म्हणजे नोंद ठेवणारा शोधावा लागतो. १९२८ साली बोस्टन येथे उत्तर अमेरिकेतील नोंदग्रंथपालांची संघटना उभी राहिली. मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात हे काम अनेक वर्षे केलेल्या ग्रेस व्हाइटिंग मायर्स या तिच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. संघटनेने अभ्यासक्रम व परीक्षा यांचा विचार आरंभापासून केला, आणि १९३५ साली मिनेसोटातील डलूथ येथील सेंट स्कॉलॅस्टिका महाविद्यालयात या विषयाचे पदवी-शिक्षण सुरू झाले. ब्रिटनमध्ये रुग्णनोंद अधिकाऱ्यांची संघटना १९४८ साली स्थापन झाली.

या व्यवसायाच्या नावाचा प्रवासही लक्षात घेण्यासारखा आहे. आरंभी तो 'ग्रंथपाल' होता. म्हणजे नोंद ही जपून ठेवण्याची वस्तू मानली जाई. १९७० साली अमेरिकन संघटनेच्या नावातून 'ग्रंथपाल' हा शब्द गेला आणि 'वैद्यकीय नोंद' राहिली. १९९१ साली 'आरोग्यमाहिती-व्यवस्थापन' हे नाव आले. जतन करणारा, नोंद ठेवणारा आणि माहितीचा व्यवस्थापक, अशा या तीन पायऱ्या आहेत. शब्द बदलला तसे कामही बदलले. आणि क्वचित काम बदलण्यापूर्वीच शब्द बदलला, असेही दिसते.

१९४८ हे वर्ष या इतिहासात निर्णायक होय. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये पॅरिस येथे यादीची सहावी उजळणी झाली आणि नव्याने स्थापन झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेने तिची जबाबदारी स्वीकारली. या उजळणीत दोन गोष्टी नव्या होत्या. पहिली अशी की, मृत्यूच्या कारणांबरोबरच जिवंत माणसांच्या आजारांचाही यादीत समावेश झाला. दुसरी अशी की, मृत्यूच्या दाखल्याचा आंतरराष्ट्रीय नमुना आणि त्यावरून 'मूळ कारण' निवडण्याचे नियम संमत झाले. पहिल्या गोष्टीमुळे यादी रुग्णालयात शिरली. न्यूयॉर्कच्या कोलंबिया-प्रेस्बिटेरियन वैद्यकीय केंद्राने आपल्या नोंद-विभागासाठी ती काही फेरफारांसह १९५० सालीच स्वीकारली. दुसऱ्या गोष्टीमुळे संकेतांक देणे हे नुसत्या नकलेचे काम उरले नाही. दाखल्यावर डॉक्टरांनी तीन-चार कारणे लिहिलेली असतात. त्यांतील कोणत्या कारणापासून मृत्यूची साखळी सुरू झाली, हे नियमानुसार ठरवावे लागते. हा अर्थनिर्णयाचा व्यापार आहे, आणि अर्थनिर्णय शिकविल्यावाचून येत नाही.

त्यामुळे लवकरच नोंदपाल स्वतःच एकत्र येऊ लागले, हे स्वाभाविक होते. १९५२ साली लंडन येथे रुग्णनोंदींची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. त्यानंतर १९५६ मध्ये वॉशिंग्टन, १९६० मध्ये एडिंबरो आणि १९६३ मध्ये शिकागो येथे परिषदा झाल्या. १९६८ च्या स्टॉकहोम परिषदेत आरोग्यनोंद संघटनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. पुढे या महासंघाचे जागतिक आरोग्य संघटनेशी अधिकृत संबंध जुळले. १८५३ च्या ब्रुसेल्स परिषदेपासून मोजले तर लंडनची परिषद नव्याण्णव वर्षांनी आणि महासंघाची स्थापना एकशेपंधरा वर्षांनी झाली.

या परिषदांची पहिली स्थळे पाहिली तर सहकार्याची मर्यादाही कळते. ती सारी युरोप व उत्तर अमेरिकेतील होती. ज्या देशांत नोंदीची दुरवस्था सर्वांत अधिक, ते तेथे विद्यार्थी म्हणूनही क्वचितच उपस्थित असत. श्रीमंत देशांतील पदवी-अभ्यासक्रम जसाच्या तसा उचलून अन्यत्र नेणे शक्य नव्हते. एका रोग्याला भेटीगणिक नवा क्रमांक मिळतो आणि जुने कागद सापडतच नाहीत, अशा रुग्णालयात वरच्या दर्जाच्या माहितीशास्त्राचा उपयोग तो काय? ही जाणीव पुढील शिक्षणसाहित्यात उतरलेली दिसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या पश्चिम प्रशांत विभागाने २००२ साली विकसनशील देशांसाठी रुग्णनोंदींची एक मार्गदर्शिका प्रसिद्ध केली आणि २००६ साली तिची सुधारित आवृत्ती काढली. रोग्याची ओळख निश्चित करणे, प्रत्येकाला एकच कायम क्रमांक देणे, नामसूची ठेवणे, कागद क्रमाने लावणे, संकेतांक देणे आणि त्यांवरून आकडे काढणे, असा तिचा पायरीपायरीचा क्रम आहे. याच काळात महासंघ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरण-केंद्रांचे जाळे यांनी संयुक्त समितीद्वारे संकेतांक देणाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा व प्रमाणपत्राचा उपक्रम हाती घेतला. परिषदांचे क्षेत्रही विस्तारले. २००७ साली सोल, २०१६ साली टोकियो आणि २०१९ साली दुबई येथे त्या भरल्या. २०१० साली महासंघाने आपल्या नावात 'माहिती-व्यवस्थापन' हे शब्द घेतले.

भारताच्या संदर्भात या इतिहासाला विशेष अर्थ आहे. ब्रिटिश अमदानीत मुंबई इलाख्यातील खेड्यांत मृत्यूची नोंद गावकामगारांच्या हाती असे. त्यांच्यापुढे पटकी, देवी, ताप, हगवण-अतिसार, श्वसनाचे रोग, अपघात आणि 'इतर' असे मोजके रकाने असत. यांपैकी तापाचा रकाना सर्वांत मोठा भरे. हिवताप, विषमज्वर, क्षय आणि बाळंतिणीचा सूतिकाज्वर या सर्वांना त्या एका शब्दात जागा होती. यात गावकामगाराचा दोष नव्हता. बोलीत 'ताप' हा शब्द जे सांगतो तेच त्याने लिहिले. दुसरे काही लिहिण्याचे शिक्षण त्याला कोणी दिले नव्हते. फारने १८३९ साली केलेली तक्रार येथे रकान्याचे रूप घेऊन कित्येक दशके टिकली.

स्वातंत्र्योत्तर काळात १९६१ साली केंद्रीय आरोग्य माहिती विभाग स्थापन झाला. त्याच्या योजनेखाली दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय व पुदुच्चेरीची जवाहरलाल संस्था येथे नोंद-अधिकारी व नोंद-तंत्रज्ञ यांचे अभ्यासक्रम चालविले गेले. १९६९ च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्याने मृत्युकारणाच्या वैद्यकीय दाखल्याची तरतूद केली, आणि त्या दाखल्याचा नमुना आंतरराष्ट्रीय नमुन्यावरूनच बेतलेला आहे. तरीही २०२० साली देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी केवळ २२.५ टक्के मृत्यूंच्या कारणाला वैद्यकीय दाखला होता. दाखला असला तरी काम संपत नाही. प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाने एखादी स्त्री दगावते आणि दाखल्यावर 'हृदयक्रिया बंद पडली' एवढेच लिहिले जाते. हृदयक्रिया बंद पडणे हा प्रत्येक मृत्यूचा शेवट आहे. ते कारण नव्हे. प्रशिक्षित नोंदपाल असा दाखला डॉक्टरांकडे परत पाठवून खुलासा मागतो. अप्रशिक्षित माणूस लिहिलेल्या शब्दाला संकेतांक देऊन मोकळा होतो, आणि मातामृत्यूंच्या संख्येतून ती स्त्री कायमची निसटते. तिच्यासाठी जी रक्तपेढी उभी राहावयाची, तिची गरजही त्याबरोबरच कागदावरून नाहीशी होते.

येथे भाषेचा आणखी एक थर लक्षात घेतला पाहिजे. महाराष्ट्रातील रोगी आपले दुखणे मराठीत सांगतो. 'छातीत धडधडते', 'पोटात गोळा उठतो', 'अंगात कसकस आहे' अशी ती भाषा असते. डॉक्टर ते इंग्रजीत उतरवितात. नोंदपाल त्या इंग्रजीला अक्षर-अंकांचा संकेत देतो. एका माणसाच्या व्यथेची अशी दोन भाषांतरे होऊन मग ती जिनीव्हाच्या तक्त्यात पोहोचते. पहिल्या भाषांतरकाराच्या शिक्षणावर समाज अनेक वर्षे व विपुल द्रव्य खर्च करतो. दुसऱ्याच्या शिक्षणाची आठवण त्याला क्वचितच होते.

२०१९ साली जागतिक आरोग्य सभेने यादीची अकरावी उजळणी संमत केली आणि ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. ती संगणकासाठी रचलेली असून तिचा विस्तार पूर्वीच्या कोणत्याही यादीपेक्षा मोठा आहे. यंत्राने संकेतांक सुचविला की माणसाची गरज संपेल, असा विश्वास तिच्या निमित्ताने पुन्हा बळावण्याचा संभव आहे. १८६० साली छापील नमुन्यावर असाच विश्वास ठेवला गेला होता. यादी कितीही सूक्ष्म केली तरी संदिग्ध शब्दाचा निर्णय यादी करीत नाही. तो वाचणाऱ्याला करावा लागतो. राष्ट्रांनी यादी मिळून केली, हे त्यांच्या सहकार्याचे मोठेच फळ होय. वाचणारा मिळून घडविण्याचे काम मात्र अद्याप अर्धेच झाले आहे, आणि जेथे ते झालेले नाही, तेथे माणसे आजही 'ताप' आणि 'हृदयक्रिया बंद' या दोन शब्दांआड, आपल्या मृत्यूचे कारण न सांगताच, निघून जात आहेत.